घन घटांतील आयनांची वाट

विजेचा घट ही वस्तु आज घरांतल्या लहानथोरांच्या हाताशीं आहे. खिशांतला टेलिफोन, मुलांचीं खेळणीं, आजोबांचें श्रवणयंत्र आणि आतां अंगणांतली स्कूटरहि घटावर चालते. परंतु इतक्या घरोब्याच्या वस्तूच्या पोटांत काय चाललें आहे, ह्याचा विचार ती बिघडेपर्यंत सहसा कोणी करीत नाहीं. रात्रीं जिन्याखालीं विजेला जोडून ठेवलेल्या स्कूटरनें पेट घेतला, अशी वार्ता वर्तमानपत्रांत आली म्हणजे मात्र घरांतील वडील माणसें विचारूं लागतात कीं, ह्या घटांत जळण्यासारखें असें आहे तरी काय? ह्या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग घटाच्या मध्यभागीं असलेल्या एका पातळ द्रवांत आहे. त्या द्रवाची जागा एखाद्या घन पदार्थाला देतां येईल काय, ह्या शोधाची हकीकत पन्नास वर्षांहून अधिक जुनी आहे. तींतील एक प्रकरण विशेष बोधप्रद आहे. जिच्यांतून स्वतः वीज वाहत नाहीं अशी बारीक धूळ त्या घन पदार्थांत मिसळली असतां त्याची वाहकता कित्येक पटींनीं वाढते, असें तें प्रकरण होय.

घट कोणताहि असो, त्याचीं मुख्य अंगें तीन. दोन टोकांना दोन ध्रुव, आणि त्यांच्यामध्यें एक माध्यम. ह्या माध्यमाला इलेक्ट्रोलाइट म्हणतात. १८०० सालीं इटलींतील व्होल्टा यांनीं जो घट जगापुढें मांडला, त्यांत मिठाच्या पाण्यांत भिजविलेलें कापड किंवा पुठ्ठा हें माध्यम होतें. पुढें १८३४ च्या सुमारास इंग्लंडांत फॅरडे यांनीं अशा माध्यमांतून सरकणाऱ्या विद्युद्भारित कणांना आयन हें नांव दिलें. मूळ ग्रीक भाषेंत त्याचा अर्थ चालणारा असा आहे. इलेक्ट्रोलाइटचें काम चोख द्वारपालाचें असतें. आयनांना त्यानें आंतून जाऊं द्यावें, पण इलेक्ट्रॉनांना मुळींच जाऊं देऊं नये. आंतली वाट बंद असल्यामुळें इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेनें जातात, आणि जातां जातां दिवा लावतात, चाक फिरवितात, गाणें ऐकवितात.

जपानांतील सोनी कंपनीनें १९९१ सालीं लिथियम-आयन घट बाजारांत आणला. ह्या घटाच्या उभारणीबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो ह्या तिघां शास्त्रज्ञांना २०१९ सालीं रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. लिथियम आणि पाणी ह्यांचें हाडवैर असल्यामुळें ह्या घटांत पाणी चालत नाहीं. म्हणून लिथियमचा एक क्षार सेंद्रिय द्रवांत विरघळवून तें माध्यम वापरतात. हा द्रव आयनांना उत्तम वाट देतो; परंतु तो ज्वालाग्राही आहे. घट चेचला गेला, वाजवीपेक्षां अधिक भरला गेला किंवा आंतल्या आंत दोन ध्रुव एकमेकांस टेकले, तर उष्णता वाढते, द्रवाची वाफ होते आणि ती पेट घेते. शिवाय, एका ध्रुवाच्या जागीं ग्रॅफाइटऐवजीं शुद्ध लिथियम धातु वापरावा, तर एका ग्रॅममध्यें ३७२ ऐवजीं ३८६० मिलिअँपिअर-तास इतका विद्युत्संचय मावतो, म्हणजे सुमारें दहापट. पण द्रवांत लिथियम धातूवर केसासारखे कोंब फुटतात, आणि ते वाढत वाढत समोरच्या ध्रुवाला जाऊन भिडतात. असा एक कोंब घटाचा घात करण्यास पुरेसा होतो. तेव्हां माध्यम घन असावें, लवचिक असावें आणि शक्य तितकें न पेटणारें असावें, ही इच्छा साहजिकच उत्पन्न झाली.

ह्या इच्छेला पहिला आधार इंग्लंडांतील शेफील्ड येथें मिळाला. १९७३ सालीं फेंटन, पार्कर आणि राइट ह्या तिघांनीं असें दाखविलें कीं, पॉलिएथिलीन ऑक्साइड नांवाच्या पॉलिमरांत सोडियम, पोटॅशियम इत्यादिकांचे क्षार मिसळून जातात. हें पॉलिमर पांढरें व मेणचट असतें. त्याचा रेणु म्हणजे एक लांबच लांब साखळी आहे. दोन कार्बन व एक ऑक्सिजन, पुन्हां दोन कार्बन व एक ऑक्सिजन, अशा क्रमानें हजारों वेळां तेंच तें चालू असतें. ऑक्सिजनांना धनभारित लिथियमची ओढ असल्यामुळें ते त्याला चोहों बाजूंनीं वेढून धरतात, आणि क्षार जणूं पाण्यांत विरघळावा तसा ह्या घन पदार्थांत विरघळतो. फ्रान्समधील मिशेल आर्मां यांनीं १९७८-७९ च्या सुमारास ही वस्तु घटाचें माध्यम म्हणून वापरावी, अशी सूचना केली. तेव्हांपासून ह्या विषयाला खरा आरंभ झाला.

घन पदार्थांतून आयन जातो कसा, हें समजण्यास एक नित्याचें दृश्य पुरे आहे. इमारतीच्या कामावर मजूर रांगेनें उभे राहून घमेलीं हातोहात पुढें देतात. मजूर आपली जागा सोडीत नाहीं, पण त्याचा हात मागें-पुढें होतो, आणि घमेलें पार टोकापर्यंत पोहोंचतें. पॉलिमरच्या साखळीचेंहि तसेंच आहे. साखळी वाहून जात नाहीं. तिचे लहान लहान भाग सतत वळवळत असतात. एका भागाचे ऑक्सिजन लिथियमला धरतात, वळतांना तो दुसऱ्या भागाच्या ऑक्सिजनांच्या स्वाधीन करतात, आणि लिथियम पाऊल पाऊल पुढें सरकतो. हात हलले तरच घमेलें पुढें जाईल, हा येथील मुख्य नियम होय.

आणि अडचण नेमकी येथेंच आहे. खोबरेल तेल थंडींत थिजतें हें सर्वांच्या अनुभवाचें आहे. पॉलिएथिलीन ऑक्साइड सुमारें ६५ अंश सेंटिग्रेडच्या खालीं असेंच थिजतें. म्हणजे त्याच्या साखळ्यांचा बराचसा भाग घडीवर घडी पडून स्फटिकांत बद्ध होतो. १९८३ सालीं फ्रान्समधील बेर्तिए आणि त्यांचे सहकारी यांनीं दाखविलें कीं, आयनांची वाहतूक मुख्यतः अस्फटिक, विस्कळित भागांतून चालते. ज्या भागांत साखळ्या शिस्तीनें गोठून बसल्या, तेथें हात बांधल्यासारखे होतात.

ह्याचा परिणाम आंकड्यांत पाहणें इष्ट होईल. चांगल्या द्रव माध्यमाची वाहकता दर सेंटिमीटरला एका सीमेन्सच्या सुमारें १०० व्या भागाइतकी असते. साध्या पॉलिएथिलीन ऑक्साइडची वाहकता नेहमींच्या हवामानांत १ कोटीव्या भागाच्या आसपास, कधीं त्याहूनहि कमी असते. आतां एक चौरस सेंटिमीटर क्षेत्राचा व सेंटिमीटरच्या ५०० व्या भागाइतका पातळ पापुद्रा घ्यावा, आणि त्यांतून एक मिलिअँपिअर प्रवाह न्यावा. ओहमच्या नियमानें त्या पापुद्र्याचा रोध २०,००० ओहम होतो, आणि नुसता तेवढा पापुद्रा ओलांडण्यास २० व्होल्ट खर्ची पडतात. साऱ्या घटाची शक्तिच साडेतीन व्होल्टांच्या घरांत. मग हा व्यवहार जुळावा कसा? वाहकता १ लाखाव्या भागावर आली तर खर्च ०.२ व्होल्ट होतो. १० हजाराव्या भागावर आली तर ०.०२ व्होल्ट. म्हणून ह्या क्षेत्रांतील संशोधक वाहकतेच्या एकेका दशपटीसाठीं वर्षानुवर्षें झटतात.

अडचणीवर दोन सरळ उपाय होते. पहिला, घट ऊन ठेवणें. पॅरिस शहरांत डिसेंबर २०११ पासून २०१८ पर्यंत भाड्यानें मिळणाऱ्या विजेच्या मोटारींची एक योजना चालली. त्या मोटारींत अशाच पॉलिमरचे घट होते, आणि ते ६० ते ८० अंशांवर ठेवावे लागत. गाडी उभी असतांनाहि घट तापता ठेवण्यास वीज लागे. दुसरा उपाय, पॉलिमरांत द्रव मिसळून तें मऊ करणें. त्यानें वाहकता वाढते, पण पापुद्र्याची ताकद जाते आणि जो ज्वालाग्राही द्रव टाळावयाचा तोच मागल्या दारानें आंत येतो. तिसरा उपाय मात्र वरकरणीं उलटा वाटणारा आहे. तो म्हणजे आंत बारीक माती मिसळणें.

माती हा शब्द येथें अगदींच अयोग्य नाहीं. अॅल्युमिना, सिलिका, टायटॅनियम डायऑक्साइड हे पदार्थ चिनीमातीच्या गोत्राचेच आहेत. त्यांतून लिथियम जाऊं शकत नाहीं. असें असूनहि १९७३ सालींच अमेरिकेंतील लियांग यांना असें दिसून आलें होतें कीं, लिथियम आयोडाइड ह्या घन क्षारांत अॅल्युमिना मिसळल्यास त्याची वाहकता सुमारें ५० पट होते. १९८२ सालीं लंडनमध्यें वेस्टन आणि स्टील यांनीं पॉलिएथिलीन ऑक्साइडमध्यें अॅल्युमिनाचे कण घातले. त्यांचा मुख्य हेतु पापुद्रा बळकट करण्याचा होता, आणि तो साधला. मोठी मजल १९९८ सालीं रोम विद्यापीठांत मारली गेली. क्रोचे, स्क्रोसाती आणि त्यांचे सहकारी यांनीं वजनाच्या शेंकडा १० या प्रमाणांत अतिसूक्ष्म कण घातले. टायटॅनियम डायऑक्साइडचा कण १३ नॅनोमीटरचा आणि अॅल्युमिनाचा ५.८ नॅनोमीटरचा होता. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले असतां त्यांतील एक भाग म्हणजे नॅनोमीटर. ह्या मिश्रणाची वाहकता ३० अंशांवर १ लाखाव्या भागापर्यंत आणि ५० अंशांवर १० हजाराव्या भागापर्यंत चढली.

असें कां व्हावें? पहिलें कारण स्वयंपाकघरांत सांपडतें. साखरेचा पाक करतांना गृहिणी त्यांत लिंबू पिळते. लिंबानें गोडी वाढत नाहीं; त्यामुळें साखरेचा कांहीं भाग फुटून निराळ्या शर्करा बनतात, त्या साखरेच्या कणांना नीट रांगेनें बसूं देत नाहींत, आणि पाक पुन्हां साखरेंत जात नाहीं. सूक्ष्म कण पॉलिमरमध्यें तेंच कार्य करतात, फरक इतकाच कीं, ते स्वतः न बदलतां नुसते मध्यें बसून अडथळा करतात. मिश्रण एकदां तापवून सगळ्या साखळ्या सुट्या केल्या, कीं थंड होतांना जागोजाग हे कण आडवे येतात, घड्या पडूं देत नाहींत, आणि उष्णतेंतील सैलपणा थंडींतहि बराच टिकतो.

परंतु हें कारण एकटें पुरत नाहीं. ६५ अंशांच्या वर, जेथें स्फटिक उरतच नाहींत, तेथेंहि कण घातलेलें मिश्रण अधिक वाहक आढळलें. तेव्हां दुसरें कारण कणांच्या पृष्ठभागांत शोधावें लागलें. ह्या कणांच्या अंगावर आम्लधर्मी स्थानें असतात. क्षाराचा ऋणभारित भाग तेथें ओढला जातो, त्याच्याशीं जखडलेला लिथियम मोकळा होतो, आणि साखळीच्या ऑक्सिजनांची लिथियमवरची पकडहि थोडी सैल पडते. ह्या मताला प्रयोगाचा आधार आहे. एकाच अॅल्युमिनाच्या पृष्ठभागावर निरनिराळे संस्कार करून पाहिले असतां, आम्लधर्मी पृष्ठभागानें वाहकता चांगली वाढली आणि अल्कधर्मी पृष्ठभागानें फारशी वाढली नाहीं. केवळ अडथळा हेंच कारण असतें तर हा भेद दिसला नसता. ह्यांतून आणखी एक लाभ झाला. साध्या पॉलिमरमध्यें वाहणाऱ्या एकंदर भारापैकीं सुमारें एक पंचमांश भारच लिथियम वाहतो. बाकीची धांवपळ ऋण आयनांची, जी घटाच्या कामीं येत नाहीं. ऋण आयन कणांपाशीं अडकून पडल्यामुळें लिथियमचा वांटा वाढतो.

दोन्ही कारणें पृष्ठभागावर अवलंबून असल्यामुळें कण बारीक असण्याचें महत्त्व कळून येतें. शाळेंतील मुलालाहि हें गणित करतां येईल. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर. त्याच घनाचे १० नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले, तर एकंदर पृष्ठभाग ६०० चौरस मीटर होतो. म्हणजे चिमूटभर पदार्थावर सुमारें साडेसहा हजार चौरस फुटांची जागा लाभते. द्रव्य तेवढेंच राहतें. दहा लक्षपट वाढतो तो त्याचा पॉलिमरशीं होणारा संपर्क.

मग कण आणखी घालीत जावे, असें कोणी म्हणेल. अनुभव तसा नाहीं. बहुतेक प्रयोगांत शेंकडा १० च्या आसपास वाहकता शिखर गांठते आणि पुढें उतरूं लागते. कारण, न वाहणाऱ्या कणांनीं जागा अडविली कीं वाटच अरुंद होते. आणि कण एकमेकांस चिकटून त्यांच्या गुठळ्या होतात. पिठल्यांत पीठ एकदम टाकलें म्हणजे जसें आंत कोरडें राहतें, तसा गुठळीच्या आंतला सारा पृष्ठभाग वायां जातो. ह्यावर २०१६ सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठांतील यी कुई यांच्या मंडळीनें एक युक्ति केली. तयार सिलिका मिसळण्याऐवजीं त्यांनीं पॉलिमरच्या द्रावणांतच सिलिकाचे कण जन्मास घातले. जन्मतःच साखळ्यांत गुंतलेले हे कण एकत्र येऊं शकले नाहींत, आणि ३० अंशांवर वाहकता १ लाखांत सुमारें साडेचार भाग इतकी मिळाली.

पुढची पायरी अर्थातच अशी कीं, नुसती वाट मोकळी करणारे कण न घालतां स्वतः लिथियम वाहणारे कण घालावे. २००७ सालीं मुरुगन, थंगदुराई आणि वेप्नर यांनीं लिथियम, लँथेनम आणि झिर्कोनियम ह्यांचें एक ऑक्साइड प्रसिद्ध केलें. त्याची घडण गार्नेट नांवाच्या रत्नासारखी असून साध्या तापमानावर त्याची वाहकता १० हजारांत सुमारें तीन भाग भरते. परंतु तो पदार्थ कांचेसारखा ठिसूळ. तेव्हां पॉलिमरची लवचिकता आणि गार्नेटची वाहकता ह्यांचा संयोग करण्याचे प्रयत्न झाले. २०१६ सालीं मेरिलँड विद्यापीठांत गार्नेटच्या सूक्ष्म तंतूंचें जाळें पॉलिमरमध्यें बसवून १० हजारांत अडीच भाग इतकी वाहकता मिळविण्यांत आली. २०१७ सालीं स्टॅनफर्डच्या मंडळीनें दुसऱ्या एका पॉलिमरमध्यें लिथियमवाहक तंतु एका दिशेनें रांगेंत बसविले, तेव्हां आडव्यातिडव्या तंतूंपेक्षां वाहकता सुमारें दहापट झाली. धान्याच्या दाण्यांवरून चालणें आणि सरळ पायवाटेनें चालणें ह्यांत जो फरक, तोच येथें दिसला.

ह्या मिश्रणांत लिथियम खरोखर गार्नेटमधून जातो कीं पॉलिमरमधून, ही शंका रास्त आहे. तिचें उत्तर मोठ्या कौशल्यानें शोधलें गेलें. निसर्गांतील लिथियम बहुतेक ७ भाराचा असतो, थोडा ६ भाराचा. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठांतील संशोधकांनीं ध्रुवांच्या जागीं ६ भाराचा लिथियम ठेवला, प्रवाह चालविला, आणि नंतर तो पापुद्र्यांत कोठें जाऊन बसला हें चुंबकीय अनुनादानें तपासलें. गार्नेट पुष्कळ असेल आणि त्याचे कण एकमेकांस लागून असतील, तर लिथियम गार्नेटची वाट धरतो. कण विरळ असतील तर पॉलिमरचीच. म्हणजे वाहक कण नुसते मिसळून भागत नाहीं. त्यांची सलग वाट तयार झाली पाहिजे.

इतकें झालें तरी काम पुरें झालेलें नाहीं. प्रयोगशाळेंतील चांगले आंकडेहि द्रवाच्या तुलनेनें दहापट ते शंभरपट कमीच आहेत. पॉलिएथिलीन ऑक्साइड सुमारें ४ व्होल्टांच्या वर टिकाव धरीत नाहीं. घन पापुद्रा आणि घन ध्रुव ह्यांचा संपर्क द्रवासारखा आपोआप होत नाहीं. मध्यें फट राहिली कीं वाहकता असून नसून सारखीच. आणि घन म्हणजे निर्धोक, असेंहि समजतां येत नाहीं. एप्रिल २०२२ मध्यें पॅरिस येथें पॉलिमर घटांवर चालणाऱ्या दोन बसगाड्या पेटल्या, आणि त्या जातीच्या १४९ गाड्या कांहीं काळ रस्त्यावरून काढून घ्याव्या लागल्या. लिथियम धातु जेथें आहे तेथें सावधपणा सुटतां कामा नये.

घरच्या माणसांनीं ह्यांतून घेण्यासारखें थोडें आहे, पण तें उपयोगाचें आहे. टेलिफोनच्या घटावर लिथियम-पॉलिमर असा शब्द छापलेला असतो; त्यावरून आंत घन माध्यम आहे असें मानूं नये. अशा बहुतेक घटांत द्रव किंवा द्रवानें भिजलेला लगदाच असतो, आणि द्रवाच्या घटाचे सारे नियम त्यांना लागू पडतात. ते फुगले तर वापरूं नयेत, त्यांना त्यांचाच चार्जर लावावा, आणि स्कूटर जिन्याच्या तोंडाशीं रात्रभर भरत ठेवूं नये. तसेंच घन घटाची जाहिरात समोर आली म्हणजे विक्रेत्याला तीन प्रश्न विचारावे. सांगितलेली शक्ति कोणत्या तापमानावर मिळते? घट किती वेळां भरल्यानंतरहि ती टिकते? आणि आंत द्रव खरोखरच नाहीं काय? ह्या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें सरळ मिळूं लागतील, त्या दिवशीं मेणचट पॉलिमरमध्यें चिमूटभर पांढरी धूळ मिसळणाऱ्या त्या संशोधकांचे श्रम आपल्या अंगणापर्यंत पोहोंचले, असें समजावें.